गीरच्या सिंहाचें दुसरें घर

सिंह कोठें राहतो असें मुलांना विचारिलें तर ‘आफ्रिकेंत’ हें उत्तर बहुधा मिळतें. तें खोटें नाहीं. पण आपल्या शेजारच्या सौराष्ट्रांतही सिंह आहे, आणि आशिया खंडांत रानांत वावरणारा सिंह आतां तेवढाच उरला आहे.

एके काळीं हा प्राणी तुर्कस्तानापासून इराक-इराणमार्गें थेट बिहारपर्यंत नांदत होता. बंदूक आणि नांगर या दोहोंनीं त्याचें राज्य आक्रसत गेलें. हिंदुस्थानांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो गीरच्या रानापुरता राहिला. जुनागढच्या नवाबांनीं शिकारीस आळा घातला म्हणूनच त्याचा वंश टिकला. २०२० सालीं तेथें ६७४ सिंह होते, २०२५ च्या गणनेंत ८९१ भरले. त्यांतील निम्म्याहून अधिक आज अभयारण्याबाहेर, शेतांतून, माळांवरून, समुद्रकांठीं हिंडतात. गुरें मारलीं जात असतांही तेथील मालधारी त्यांच्या शेजारीं राहतात. या सहनशीलतेचें श्रेय आपण शहरवासी सहसा देत नाहीं.

मग चिंता कसली? हे सारे सिंह एकाच मुलखांत आहेत, ही. शिवाय मोजक्या पूर्वजांची ही संतति असल्यामुळें ते एकमेकांचे अगदीं जवळचे सगे. एकास बाधणारा रोग दुसऱ्यासही सहज बाधावा. १९९४ सालीं टांझानियांतील सेरेंगेटीच्या रानांत डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगानें सुमारें एक तृतीयांश सिंह दगावले. २०१८ मध्यें गीरच्या दलखाणिया भागांत कांहीं आठवड्यांतच २३ सिंह मेले, आणि तोच विषाणू तेथेंही आढळला. आफ्रिकेंत सेरेंगेटीबाहेर दुसरे सिंह होते. आपल्याकडे सौराष्ट्राबाहेरच्या रानांत एकही नाहीं.

दुसरें घर शोधण्याची कल्पना जुनी आहे. १९५७ सालीं उत्तर प्रदेशांतील चंद्रप्रभा अभयारण्यांत एक सिंह व दोन सिंहिणी सोडल्या. त्यांची संख्या अकरापर्यंत वाढली, आणि पुढें ते सारेच नाहींसे झाले! नंतर मध्य प्रदेशांतील कुनोचें रान निवडण्यांत आलें. तेथील २४ गांवें सिंहांसाठीं म्हणून उठविलीं. २०१३ च्या एप्रिलांत सर्वोच्च न्यायालयानें सहा महिन्यांत सिंह हलविण्याची आज्ञा दिली. गुजरात सरकारला मात्र ते आपल्या प्रांताबाहेर जावे हें मान्य नव्हतें. २०२३ मध्यें एक सिंह आपल्याच पायांनीं पोरबंदरजवळच्या बरडा डोंगरांत पोहोंचला. ही आनंदाची गोष्ट खरी. पण बरडाही सौराष्ट्रांतच आहे.

कुनोंत २०२२ सालीं आफ्रिकेंतून चित्ते आले. ज्या सिंहांसाठीं गांवकऱ्यांनीं आपलीं शेतें सोडलीं, ते तेथें अद्याप गेलेले नाहींत.