पाळणा लांबवताना

लग्न नवं आहे, मूल दोनेक वर्षांनी हवंय, तर निरोध किंवा रोजच्या गोळ्या पुरतात. मात्र रक्तदाब किंवा अर्धशिशी असेल तर गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

खरी गफलत होते ती बाळंतपणानंतर. ‘अंगावर पाजतेय, मग दिवस कसे जातील?’ हा भरवसा बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, निव्वळ आईच्या दुधावर असेल आणि पाळी आलेली नसेल तरच खरा. तिन्हींपैकी एक गोष्ट सुटली की तो संपला. तांबी प्रसूतीनंतर 48 तासांच्या आतही बसवता येते. ‘380 ए’ ही तांबी 10 वर्षं चालते. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी ‘छाया’ गोळी पाजणाऱ्या आईलाही चालते. पहिली रविवारी घेतली, तर 3 महिने रविवार-बुधवार आणि पुढे फक्त रविवारी.

मुलं पुरेशी झाली असतील तर पुरुष नसबंदी ही बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे. हे घरात बोललंच पाहिजे.

चाळिशीत पाळी मागेपुढे होऊ लागली म्हणून साधन सोडू नका. पाळी पन्नाशीआधी थांबली तर 2 वर्षं, पन्नाशीनंतर थांबली तर 1 वर्ष काळजी घ्या.