विश्लेषण : निवृत्त ‘मिग-२१’ची घरोघरी बांधणी… लढाऊ विमानांच्या प्रतिकृती एकत्र का घडवल्या जातात?

चंडीगडच्या हवाई तळावर २६ सप्टेंबर २०२५ रोजी ‘मिग-२१’ला निरोप देण्यात आला. १९६३ मध्ये याच चंडीगडमध्ये भारतीय हवाई दलात दाखल झालेल्या या विमानाची सहा दशकांची सेवा संपली. यापुढे ते दिसेल ते संग्रहालयात, नाहीतर एखाद्या शहराच्या चौकातील चौथऱ्यावर. मात्र एका ठिकाणी ‘मिग-२१’ची बांधणी अजूनही सुरू आहे. ते ठिकाण म्हणजे स्केल मॉडेलिंगचा छंद असलेल्यांचे टेबल. पंखांची रुंदी जेमतेम १० सेंटिमीटर असलेले हे विमान प्लास्टिकच्या सुट्या भागांतून उभे राहते. अनेक जण ते एकट्याने न करता गटाने करतात. या पद्धतीला ‘ग्रुप बिल्ड’ म्हणतात. ती नेमकी काय आहे आणि एवढ्याशा विमानाच्या रंगावरून तासन् तास चर्चा का रंगते, याचा हा आढावा.

‘ग्रुप बिल्ड’ म्हणजे काय?

नाव गटाचे असले तरी प्रत्येक जण आपापले विमान बांधतो. विषय आणि मुदत मात्र सर्वांसाठी एकच असते. ‘मिग-२१ आणि त्याचे सर्व प्रकार’, ‘१९७१ च्या युद्धातील विमाने’, ‘फक्त दोन आसनी प्रशिक्षण विमाने’ असा एखादा विषय ठरतो. सुरुवातीची आणि शेवटची तारीख जाहीर होते. किट नवे असावे किंवा काम थोडेसेच झालेले असावे, अशी अट बहुतेक ठिकाणी असते. त्यानंतर प्रत्येक जण कॉकपिट, सांगाडा, रंग अशा टप्प्यांची छायाचित्रे इतरांना दाखवतो. काही गट महिन्यातून एकदा एकाच टेबलाभोवती बसतात. शेवटी सगळी विमाने एका रांगेत मांडली जातात. अनेक गटांत बक्षीस नसते. विमान पूर्ण करणे हेच उद्दिष्ट असते.

या छंदाला संघटित रूप देणारी ‘इंटरनॅशनल प्लास्टिक मॉडेलर्स सोसायटी’ १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झाली, म्हणजे ‘मिग-२१’ भारतात आले त्याच वर्षी. या संस्थेचे टेलफर्ड येथे दर वर्षी नोव्हेंबरमध्ये मोठे प्रदर्शन भरते. तेथे एकट्या व्यक्तीच्या कामाइतकेच गटांनी एका विषयावर मांडलेले टेबल पाहायला गर्दी होते.

१/७२ हे प्रमाण आले कुठून?

लढाऊ विमानांच्या किटमध्ये १/७२, १/४८ आणि १/३२ ही प्रमाणे सर्वाधिक प्रचलित आहेत. ती दशमान पद्धतीत बसत नाहीत, कारण त्यांचे मूळ फूट-इंचात आहे. १/७२ मध्ये सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. १/४८ मध्ये चार फुटांचा एक इंच होतो. ब्रिटनमध्ये १९३२ पासून ‘स्कायबर्ड्स’ने या प्रमाणातील लाकडी विमाने विकली. १९३६ मध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ने त्याच प्रमाणात प्लास्टिकची किट आणली. ‘एअरफिक्स’च्या १९५३ मधील स्पिटफायरनंतर हा छंद मध्यमवर्गीय घरांत पोहोचला.

मधल्या काळात या प्रतिकृती खेळण्याच्या पलीकडे गेल्या होत्या. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी विद्यार्थ्यांना १/७२ प्रमाणातील पाच लाख विमाने बनवून देण्याचे आवाहन केले. ती पूर्ण काळ्या रंगात रंगवली जात. ३५ फुटांवर धरलेली अशी प्रतिकृती सुमारे अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसते. केवळ आकृतीवरून शत्रू कोण आणि आपला कोण, हे ओळखण्याचा सराव सैनिकांना त्यावर दिला जाई. पंखाचा कोन चुकला तर आपल्याच विमानावर गोळी झाडली जाण्याचा धोका होता. अचूकतेचा आग्रह या छंदात तेव्हापासूनच मुरलेला आहे.

‘मिग-२१’ एकच, पण नेमके कोणते?

गटात सर्वांत आधी हाच प्रश्न विचारला जातो. भारताने या विमानाचे अनेक प्रकार वापरले. हवाई दलात ‘मिग-२१ एफएल’ला टाइप ७७, ‘एम’ला टाइप ९६ आणि ‘बिस’ला टाइप ७५ असे म्हटले जाई. नाशिकजवळच्या ओझर येथील ‘एचएएल’च्या कारखान्यात या तिन्ही प्रकारांची बांधणी झाली. त्यामुळे महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांसाठी हे विमान घरातल्या कुणाच्या तरी नोकरीशी जोडलेले आहे. पुढे ‘बिस’ची सुधारित आवृत्ती ‘बायसन’ या नावाने आली. तेही काम प्रामुख्याने ओझरलाच झाले.

लांबून सारखे दिसणारे हे प्रकार टेबलावर वेगळे होतात. ‘एफएल’च्या कॉकपिटचे पारदर्शक झाकण पुढच्या बाजूने वर उचलले जाते, तर ‘एम’ आणि ‘बिस’चे उजवीकडे उघडते. ‘एफएल’च्या पंखांखाली शस्त्रे टांगण्याच्या जागा दोन, नंतरच्या प्रकारांत चार. ‘एफएल’मध्ये अंगभूत तोफ नव्हती. गरजेनुसार पोटाखाली तोफेची पेटी लावली जाई. ‘बिस’ची पाठ चांगलीच फुगीर आहे. ‘बायसन’च्या समोरच्या काचेला मधल्या पट्ट्या नाहीत आणि तिच्या क्रमांकाची सुरुवात ‘सीयू’ या अक्षरांनी होते. एका प्रकारच्या किटवर दुसऱ्या प्रकारचा क्रमांक चिकटवला, तर ते विमान कधी अस्तित्वातच नव्हते असे होते. एकट्याच्या नजरेतून अशी चूक सुटते. दहा जण पाहत असले, की कुणीतरी गोंद लागण्यापूर्वीच थांबवते.

१९७१ चा रंग ठरवणे अवघड का?

सुरुवातीची भारतीय ‘मिग-२१’ चकचकीत धातूच्या रंगाची होती. १९६५ च्या युद्धात ६ सप्टेंबरला पठाणकोटवर झालेल्या हवाई हल्ल्यात जमिनीवर उभी असलेली दोन ‘मिग-२१’ नष्ट झाली. १९७१ मध्ये परिस्थिती वेगळी होती. युद्धाच्या तोंडावर बऱ्याच ‘एफएल’ विमानांवर स्क्वाड्रनच्या पातळीवरच हिरव्या-तपकिरी छटांचे मायावरण चढवण्यात आले. जो रंग उपलब्ध होता तो वापरला गेला आणि पट्टे हातानेच ओढले गेले. त्यामुळे दोन विमाने तंतोतंत सारखी नव्हती. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यातील गव्हर्नर हाऊसवर रॉकेटचा मारा करणाऱ्या २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे विमान करायचे म्हटले, तर बाजारातील बाटलीवरचा रंग क्रमांक पाहून काम भागत नाही.

त्या काळातील बहुतांश छायाचित्रे कृष्णधवल आहेत. त्यांत हिरवा आणि तपकिरी यांच्यातील सीमा पुसट होते. अनेकदा विमानाची एकच बाजू दिसते आणि दुसऱ्या बाजूचे पट्टे कसे होते याचा अंदाज बांधावा लागतो. संग्रहालयात जाऊन खरे विमान पाहणे हा उपायही पुरेसा नाही. प्रदर्शनातील विमाने ऊन-पावसामुळे पुन्हा पुन्हा रंगवली जातात. त्यांचा आकार पुरावा म्हणून चालतो, रंग चालतोच असे नाही. म्हणून एकाकडचे पुस्तक, दुसऱ्याकडचे जुने कात्रण, तिसऱ्याने संग्रहालयात घेतलेली मापे असे सारे एकत्र करून निर्णय घेतला जातो. हवाई दलात किंवा ओझरला काम केलेली व्यक्ती गटात असेल, तर तिच्या आठवणीला विशेष वजन असते. मात्र तीही छायाचित्रांशी ताडून पाहिली जाते.

रंगाचा प्रश्न पूर्वी जिवाशी जोडलेला होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढणाऱ्या भारतीय व ब्रिटिश विमानांच्या वर्तुळाकार चिन्हातून लाल रंग काढून टाकण्यात आला. जपानी विमानांवरील लाल वर्तुळाशी गल्लत होऊ नये, एवढेच त्यामागचे कारण होते. त्या आघाडीवरील विमानावर लाल ठिपका रंगवणारा मॉडेलर म्हणूनच टीकेचा धनी होतो.

प्रत्यक्ष बांधणी कशी होते?

किटमधील भाग प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात. ते छोट्या कटरने कापून, कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केल्या जातात. सुरुवात कॉकपिटपासून होते, कारण सांगाड्याचे दोन अर्धे भाग जोडल्यावर आत हात जात नाही. यासाठी वापरला जाणारा गोंद प्लास्टिक किंचित वितळवून दोन भाग एकजीव करतो. सांध्यांत लांबी भरून पुन्हा घासले जाते. नाकाच्या आत छोटे वजन ठेवण्याचा विसर पडला, तर तीन चाकांवरचे विमान शेपटीवर बसण्याची शक्यता असते. हा अपघात प्रत्येक गटात एकदा तरी होतो.

त्यानंतर प्रायमर, मग रंग. चंदेरी रंग सर्वांत निर्दयी, कारण त्याखाली राहिलेला प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. रंगावर चकचकीत वॉर्निश देऊन मगच पाण्यात भिजवलेली चिन्हे, म्हणजे डेकल, सरकवून बसवली जातात. खरखरीत पृष्ठभागावर ती लावली तर खाली हवा अडकून पांढुरकी चमक येते. शेवटी पत्र्यांच्या सांध्यांत पातळ गडद रंग सोडून जास्तीचा पुसला जातो आणि मॅट वॉर्निश दिले जाते. नाकापुढची बारीक नळी हमखास तुटते, म्हणून ती सर्वांत शेवटी बसते.

कोकण-मुंबईच्या हवेचा यात वेगळा त्रास आहे. पावसाळ्यात दमटपणा वाढला की लॅकर रंग वाळताना त्यावर पांढरा धुरकटपणा येतो. म्हणून अनुभवी मंडळी जून ते सप्टेंबर कापणे, जोडणे, घासणे ही कामे उरकतात आणि फवारणी उघडिपीच्या दिवसासाठी राखून ठेवतात.

एकत्र बसल्याने काय साधते?

पहिला फायदा म्हणजे काम पूर्ण होते. या छंदातील बहुतेकांकडे न उघडलेल्या किटची चळत असते. घेण्याचा वेग बांधण्याच्या वेगापेक्षा नेहमीच जास्त असतो. मुदत आणि वाट पाहणारे सोबती असले की कपाटातला डबा बाहेर निघतो. दुसरा फायदा शिकण्याचा. एअरब्रशमध्ये रंग किती पातळ करायचा, हे वाचून कळत नाही. शेजारी बसून पाहिले की पाच मिनिटांत कळते. महाराष्ट्रात दिवाळीचा किल्ला करताना बुरूज कुठे आणि दरवाजा कुठल्या बाजूला यावरून मुलांमध्ये जो वाद होतो, त्याच जातीचा हा वाद असतो आणि त्यातून मूळ गडाची माहिती जशी पक्की होते, तशी येथे विमानाची होते.

तोटाही आहे. विमानाचे खिळे मोजणारे म्हणून ओळखले जाणारे काही सदस्य प्रत्येक छायाचित्रात चूक शोधतात. नवख्या माणसाला त्याची धास्ती बसते आणि त्याचे किट पुन्हा डब्यात जाते. म्हणून चांगल्या गटांत एक साधा संकेत पाळला जातो. दुरुस्ती शक्य असलेल्या टप्प्यावरच चूक दाखवायची. विमान पूर्ण झाल्यावर मागितल्याशिवाय दोष काढायचे नाहीत.

क्रमांकाला एवढे महत्त्व का?

‘मिग-२१’चा इतिहास पराक्रमाचा आहे, तसाच अपघातांचाही. तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार मिग श्रेणीतील ८७२ पैकी ४८२ विमाने तोपर्यंत अपघातांत गमावली होती आणि त्यांत १७१ वैमानिकांचा मृत्यू झाला होता. प्रतिकृतीच्या शेपटाजवळ चिकटवला जाणारा क्रमांक म्हणूनच केवळ सजावट राहत नाही. ते कुणाचे तरी शेवटचे विमान असू शकते. अनेक मॉडेलर क्रमांक निवडण्यापूर्वी त्या विमानाचे पुढे काय झाले, ते कोण उडवत होते, हे शोधतात. काही जण ती नोंद प्रतिकृतीच्या तळपट्टीवर लिहितात.

सुरुवात करायची तर?

पहिले किट १/७२ प्रमाणातील, कमी भागांचे आणि एकाच रंगाचे घ्यावे. किमती काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत असतात. एअरब्रश आणि कॉम्प्रेसर पहिल्याच दिवशी घेण्याची गरज नाही. कटर, पॉलिश पेपर, चिमटा, गोंद, दोन चांगले ब्रश आणि पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक रंग पुरतात. गोंद आणि लॅकरच्या वाफा अपायकारक असतात. त्यामुळे खिडकी उघडी ठेवावी आणि फवारणी करताना साध्या कापडी मास्कऐवजी वाफा रोखणारा मास्क वापरावा. लहान मुलांच्या हाती धारदार पाते देऊ नये. पहिले विमान बिघडणारच, हे गृहीत धरून सुरुवात केलेली बरी.

गटाचे काम पूर्ण झाल्यावर टेबलावर चंदेरी ‘एफएल’, त्याशेजारी १९७१ चे हिरवे-तपकिरी आणि शेवटी फिकट करडे ‘बायसन’ असे एका रांगेत उभे राहतात. एका माणसाला ही रांग पूर्ण करायला काही वर्षे लागतील. दहा जणांनी एकेक विमान घेतले, तर ती चार-सहा महिन्यांत पूर्ण होते आणि साठ वर्षांत हे विमान कसे बदलत गेले, ते एका नजरेत दिसते.