लॅपटॉपला मोठा पडदा: कमी पैशात योग्य मॉनिटर कसा निवडावा?



गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात अकोल्यापासून जामखेडपर्यंत गावोगावी, वस्त्यावस्त्यांवर लॅपटॉप पोहोचला आहे. २०२० साली शाळा-महाविद्यालये बंद पडली तेव्हा अनेक पालकांनी पोटाला चिमटा घेऊन, हप्त्याने किंवा उसनवारीने का होईना, मुलांना लॅपटॉप घेऊन दिले. त्याच लॅपटॉपवर आज कोणी इंजिनियरिंग शिकतो आहे, कोणी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे, तर कोणी भगिनी घरबसल्या टंकलेखनाची आणि फॉर्म भरण्याची कामे करून संसाराला हातभार लावीत आहेत. आता पालकांकडून पुढचा प्रश्न येतो. मुलगा किंवा मुलगी म्हणते, लॅपटॉपला जोडायला वेगळा मॉनिटर पाहिजे. ही गरज आहे की हौस? आणि घ्यायचाच झाला तर तो कोणता घ्यावा?

हा प्रश्न सात ते दहा हजार रुपयांचा आहे. आपल्या बहुसंख्य घरांत ही रक्कम लहान नव्हे. म्हणून या लेखात आम्ही या विषयाची साध्या भाषेत माहिती देत आहोत.

१. आधी गरज तपासावी

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थाला उपदेश करताना मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखून ठेवावा, असा त्या उपदेशाचा आशय आहे. मॉनिटरचा खर्च कोणत्या भागातून करावयाचा, हे आधी ठरवावे. तो कामाच्या भागात बसत असेल तर जरूर करावा. अडचणीसाठी राखलेल्या भागाला मात्र हात लावू नये.

रोज तीन-चार तास टंकलेखन, हिशेब, नकाशे, आराखडे किंवा संगणकाच्या प्रोग्रॅमचे काम असेल, अथवा एका बाजूला पुस्तक उघडून दुसऱ्या बाजूला टिपणे काढावयाची असतील, तर मॉनिटर ही गरज आहे. केवळ व्याख्यानांचे व्हिडिओ पाहावयाचे असतील तर लॅपटॉपचा पडदा पुरेसा आहे. तसेच लॅपटॉप मुळात मंद चालत असेल तर मॉनिटरने तो वेगवान होणार नाही. अशा वेळी ते पैसे रॅम वाढविण्यास किंवा जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसविण्यास वापरावेत. स्वाधार योजनेची रक्कम मिळणाऱ्या विद्यार्थ्यांनीही राहणे, जेवण आणि पुस्तके यांची सोय लागल्यावरच या खर्चाचा विचार करावा.

मॉनिटरचा मुख्य लाभ मान आणि डोळे यांना होतो. लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असतात. हात सुखात ठेवावेत तर मान खाली जाते आणि मान सरळ ठेवावी तर हात उचलावे लागतात. वेगळ्या मॉनिटरमुळे हा पेच सुटतो.

२. लॅपटॉपची कड पाहावी

दुकानात जाण्यापूर्वी लॅपटॉपच्या दोन्ही कडांची खाचणी नीट पाहावी. पुष्कळांचे पैसे येथेच वाया जातात, कारण मॉनिटर चांगला निघतो, पण तो लॅपटॉपला जोडता येत नाही.

एचडीएमआयची खाच चपटी आणि खालच्या बाजूस निमुळती असते. ही असेल तर कोणताही साधा मॉनिटर एका केबलने चालतो. जुन्या लॅपटॉपला व्हीजीएची पंधरा छिद्रांची, बहुधा निळी खाच असते. तिच्यातूनही चित्र मिळते, मात्र आवाज येत नाही आणि अक्षरे किंचित पुसट दिसू शकतात. लॅपटॉपला फक्त व्हीजीए आणि मॉनिटरला फक्त एचडीएमआय असेल तर मध्ये रूपांतरक लागतो. तो 'व्हीजीएकडून एचडीएमआयकडे' असाच मागावा. उलट दिशेचा रूपांतरक दिसायला तसाच असतो, पण येथे चालत नाही.

नव्या, पातळ लॅपटॉपना लहान लंबगोल यूएसबी-सीची खाच असते. तिच्याबाबत विशेष सावध राहावे. प्रत्येक यूएसबी-सी खाचेतून चित्र बाहेर येतेच असे नाही. काही खाचा केवळ चार्जिंग आणि माहितीच्या देवाणघेवाणीसाठी असतात. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात त्या खाचेपुढे 'डिस्प्लेपोर्ट' असा उल्लेख आहे का, हे पाहावे. एका केबलमधून चित्र देऊन लॅपटॉप चार्जही करणारे यूएसबी-सी मॉनिटर मिळतात, पण ते बरेच महाग असतात. आपल्या कामाला साधा एचडीएमआय मॉनिटर पुरतो.

३. आकार आणि ठिपके

पडद्याचा आकार कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत इंचांत मोजतात. नेहमीच्या १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा सुमारे ३४ सेंटिमीटर रुंद आणि १९ सेंटिमीटर उंच असतो. २४ इंची मॉनिटर सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असतो. म्हणजे जागा दुपटीहून अधिक मिळते आणि दोन पाने शेजारी-शेजारी ठेवून वाचता येतात.

पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलचे बनते. 'फुल एचडी' पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, असे एकूण वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. जुन्या स्वस्त लॅपटॉपवर १३६६ आणि ७६८, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास ठिपके असतात. मॉनिटर घेताना फुल एचडीपेक्षा कमी घेऊ नये.

मराठीत काम करणाऱ्यांनी हा मुद्दा विशेष ध्यानात घ्यावा. आपल्या लिपीत अक्षराच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असतात. ठिपके अपुरे असले की 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'द्य' आणि 'द्व' यांत गल्लत होते. शासनाच्या संगणक टंकलेखन परीक्षेची तयारी करणाऱ्यास किंवा कोणाचे नाव-आडनाव अर्जात भरणाऱ्यास ही गल्लत महागात पडते. नावातील एका अक्षराच्या चुकीपायी दाखला अडतो, हे आपल्याला नव्याने सांगावयास नको.

२२ किंवा २४ इंच आणि फुल एचडी, ही जोडी उत्तम. २७ इंची पडद्यावर फुल एचडीचे तेवढेच ठिपके अधिक जागेत पसरतात, त्यामुळे अक्षरे मोठी पण भरड दिसतात. आकार वाढला म्हणजे स्पष्टपणा वाढला, असे नव्हे.

४. जाहिरातीतील शब्दांचा अर्थ

आयपीएस, व्हीए आणि टीएन या पडद्याच्या तीन जाती आहेत. आयपीएस बाजूनेही स्वच्छ दिसतो आणि त्यावर रंग खरे वाटतात. दोघे-तिघे एकत्र बसून अभ्यास करणार असतील तर हाच घ्यावा. व्हीएमध्ये काळा रंग गडद दिसतो, तोही चालेल. टीएन बाजूने पाहिल्यास फिका पडतो, म्हणून टाळावा.

हर्ट्झ म्हणजे पडदा एका सेकंदात किती वेळा नवे चित्र दाखवितो तो आकडा. लिहिण्या-वाचण्यास ६० हर्ट्झ पुरेसे आहेत. आज ७५ आणि १०० हर्ट्झचे मॉनिटर त्याच किमतीत मिळतात. मिळाले तर घ्यावेत. १४४ हर्ट्झ आणि त्यापुढचे आकडे प्रामुख्याने खेळांसाठी असतात. त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. वक्र पडदा आणि रंगीत दिवे यांचाही अभ्यासाला उपयोग नाही.

त्याऐवजी दोन साध्या गोष्टी पाहाव्यात. एक, पडदा पुढे-मागे कलतो का आणि शक्य असल्यास वर-खाली होतो का. दोन, पाठीमागे भिंतीवर बसविण्याची चार छिद्रे आहेत का. लहान घरात मॉनिटर भिंतीवर लावता आला तर टेबलाची जागा वाचते. स्वस्त मॉनिटरला अनेकदा स्पीकर नसतो, पण लॅपटॉपचा स्पीकर असतोच. त्यामुळे तेवढ्यासाठी अडू नये.

५. टीव्ही आणि जुना मॉनिटर

घरातील टीव्ही जोडता येईल का, असे अनेकजण विचारतात. जोडता येतो. परंतु ३२ इंची स्वस्त टीव्हीवर बहुधा १३६६ आणि ७६८ एवढेच ठिपके असतात, त्यामुळे जवळ बसून वाचताना अक्षरे फुटलेली दिसतात. अडीअडचणीला ठीक, रोजच्या कामाला नाही.

पुण्यातील बुधवार पेठेत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कंपन्यांनी काढून टाकलेले जुने मॉनिटर मिळतात. त्यांतही चांगला माल असतो. मात्र फार जुन्या मॉनिटरमध्ये एलईडीऐवजी बारीक ट्यूब असते. ती कालांतराने मंद व पिवळी पडते आणि वीजही अधिक खाते. जुना मॉनिटर घ्यावयाचा तर एलईडीचाच घ्यावा, अर्धा तास चालू ठेवून पाहावा आणि निदान महिनाभराची हमी लेखी घ्यावी. परत करावयाची वेळ आली तर पुण्याचे जाणे-येणे अंगावर पडेल, हेही हिशेबात धरावे.

६. दुकानात आपल्या डोळ्यांनी पाहावे

कालामांना केलेल्या उपदेशात तथागतांनी केवळ कोणी सांगितले म्हणून मान्य करू नये, स्वतः तपासून घ्यावे, अशी शिकवण दिली. दुकानातही हीच कसोटी लावावी. नगर, संगमनेर किंवा श्रीरामपूर, कोठेही खरेदी करा, पण आपला लॅपटॉप बरोबर न्या आणि जोडून पाहा.

पांढरे, काळे, तांबडे, हिरवे आणि निळे अशी पाच कोरी चित्रे आधीच लॅपटॉपमध्ये ठेवावीत आणि पडदाभर उघडावीत. एखादा ठिपका मेलेला असेल तर लगेच दिसतो. एक-दोन मेलेल्या ठिपक्यांना अनेक कंपन्या दोष मानीत नाहीत, म्हणून ही तपासणी पैसे देण्यापूर्वीच करावी. त्यानंतर मराठी मजकुराचे एक पान उघडून बारीक अक्षर वाचून पाहावे. उजेड कमी करून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पडद्याकडे पाहावे. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर तो पडदा लुकलुकतो असे समजावे. अशा पडद्याने काहींचे डोळे आणि डोके दुखते.

पाठीमागच्या पट्टीवर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह असावे. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर मॉनिटरचा क्रमांक लिहून घ्यावा. अनेक नामांकित कंपन्या तीन वर्षांची हमी देतात, पण बिल नसेल तर तिचा उपयोग होत नाही. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. हा आपला हक्क आहे. तो मागताना संकोच करू नये.

७. घरी मांडणी

मॉनिटर हातभर अंतरावर ठेवावा. त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली असावी. उंची कमी पडल्यास खाली जाड पुस्तके किंवा लाकडी फळी ठेवावी. खिडकी समोर किंवा पाठीमागे नसावी, बाजूस असावी. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूरवर, साधारण वीस फुटांपलीकडे पाहावे. जोडल्यानंतर विंडोजच्या चिन्हाचे बटण धरून 'पी' दाबले की चार पर्याय येतात. त्यांतील 'एक्स्टेंड' निवडल्यास दोन्ही पडदे वेगवेगळे वापरता येतात.

असा मॉनिटर साधारण २५ वॅट वीज घेतो. रोज चार तास वापरल्यास महिन्याला सुमारे तीन युनिट होतात, म्हणजे बिलाचा बोजा फार नाही. मात्र खेड्यात लाईट जाते तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालतो आणि मॉनिटर बंद पडतो. काम लॅपटॉपमध्येच असल्याने ते बुडत नाही. केबल काढून लॅपटॉपवर पुढे चालू ठेवता येते. विजेचा दाब सतत कमी-जास्त होत असेल तेथे स्टॅबिलायझर लावावा.

८. एका विहारात एक पडदा

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. प्रत्येक घराने मॉनिटर घ्यावाच, असे आम्ही म्हणत नाही. अनेक विद्यार्थ्यांकडे लॅपटॉप आहे, पण मॉनिटरची ऐपत नाही आणि घरात बसायला जागाही नाही. विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या अभ्यासिकेत दोन मॉनिटर, दोन साधे कळफलक, दोन माऊस आणि एचडीएमआयच्या केबली ठेवल्या तर विद्यार्थी आपापला लॅपटॉप घेऊन येतील, जोडतील आणि काम करून जातील. पाळीपाळीने दहा-बारा मुलामुलींची सोय होईल. पंचवीस हजारांच्या आत हे काम उभे राहते. वाढदिवस, लग्नकार्य किंवा पुण्यानुमोदनाच्या निमित्ताने दान देणाऱ्यांनी याचा विचार करावा. पडद्यावर दात्याचे नाव रंगविण्यापेक्षा वापराच्या वेळांचे वेळापत्रक भिंतीवर लावावे आणि संध्याकाळची एक पाळी मुलींसाठी राखून ठेवावी.

बाबासाहेबांनी आपल्याला शिक्षणाचा मार्ग दाखविला. त्या मार्गावर चालणाऱ्या मुलांची मान ताठ राहावी आणि डोळे शाबूत राहावेत, एवढी काळजी घेणे हे आपले काम आहे. त्यासाठी सर्वांत महागडी वस्तू लागत नाही आणि सर्वांत स्वस्तही परवडत नाही. आपले काम ओळखून, आपल्या डोळ्यांनी तपासून घेतलेली मधली वस्तूच पुरेशी होते.

जयभीम! नमो बुद्धाय!