स्ले द स्पायर जिंकायचंय? आधी फुकटचा पत्ता नाकारायला शिका

या आठवड्याच्या व्हिडिओत डेड स्टॉकबद्दल बोलताना मी 'स्ले द स्पायर' या गेमचं उदाहरण दिलं, पण तो जिंकायचा कसा हे सांगायला वेळच उरला नाही. ते इथे नीट लिहिते. मेगा क्रिट या सिएटलच्या छोट्या स्टुडिओचा हा गेम, दोन मित्रांनी सुरू केलेला. २०१७ मध्ये तो अर्धवट अवस्थेतच विक्रीला आणला, खेळणाऱ्यांचं ऐकत ऐकत सुधारला आणि २०१९ मध्ये पूर्ण केला. (यावर वेगळा व्हिडिओ होईल, लक्षात आहे माझ्या.)

गेम असा आहे. तुमच्याकडे पत्त्यांचा एक कॅट, आणि त्याच्या जोरावर मनोरा चढायचा. मेलात की सगळं पहिल्यापासून. आयर्नक्लॅड या पहिल्या योद्ध्याकडे सुरुवातीला ८० हेल्थ, ९९ सोनं आणि फक्त १० पत्ते असतात: ५ स्ट्राइक, ४ डिफेंड, १ बॅश. दर टर्नला ५ पत्ते हातात येतात आणि ते खेळायला ३ एनर्जी मिळते.

प्रत्येक लढाई जिंकली की तीन नवे पत्ते समोर येतात, त्यातला एक घ्यायचा. पैसे लागत नाहीत, म्हणून नवा माणूस दर वेळी घेतोच. आता हिशोब करा. दहा पत्त्यांचा कॅट दोन टर्नमध्ये अख्खा फिरतो, म्हणजे बॅश दर दोन टर्नला तुमच्या हातात. कॅट पंचवीसचा झाला की तोच फेरा पाच टर्नचा. तुमचा सगळ्यात चांगला पत्ता तळाशी पडलेला असतो आणि तुम्ही वरच्या भरताडावर मार खात बसता. दुकानात 'दहावर दोन फ्री' म्हणून उचललेला माल असंच करतो बघा. तो फुकट असतो, पण फळी अडवतो आणि चालणारा माल मागे जातो. गेममध्ये तिथेच स्किपचं बटण दिलंय. ते वापरा.

पण सगळंच स्किप केलंत तरी मराल! सुरुवातीचा कॅट फार दुबळा आहे. एका स्ट्राइकचा मार ६, म्हणजे तीन स्ट्राइक मारून टर्नला फक्त १८. पहिल्या अंकात ग्रेमलिन नॉब नावाचा एलिट शत्रू भेटतो, त्याची हेल्थ ऐंशीच्या वर. शिवाय तुम्ही स्किल प्रकारचा पत्ता खेळलात की त्याची ताकद वाढते, आणि डिफेंड हा स्किलच आहे. स्वतःला वाचवत बसलात की तो आणखी चिडतो. त्याला झटपट संपवायला पहिल्या तीन-चार लढायांत चांगले हल्ल्याचे पत्ते घ्याच. पत्ता घेताना एकच प्रश्न विचारा: पुढच्या एलिटसमोर हा कामाला येईल का? 'पुढेमागे एखादं कॉम्बिनेशन जमलं तर भारी होईल' या आशेवर घेतलेला पत्ता सहसा तसाच पडून राहतो.

खेळण्याचा क्रमही बघा. बॅशचा मार ८, आणि तो लागल्यावर शत्रूला दीडपट मार बसतो. आधी बॅश, मग स्ट्राइक: ८ अधिक ९, एकूण १७. उलटं केलंत तर १४. एनर्जी दोन्हीकडे तीनच.

आता हेल्थ. ती जपून ठेवायची गोष्ट नाही, ते तुमचं भांडवल आहे. एलिटला हरवलं की रेलिक मिळतो आणि तो शेवटपर्यंत कामाला येतो. त्यामुळे एलिटला टाळत वर गेलात तर हेल्थ वाचते, पण पुढच्या अंकात टिकायला हातात काहीच नसतं. नकाशा आधीच दिसतो, तेव्हा एलिटच्या आसपास शेकोटी असेल अशी वाट निवडा. शेकोटीजवळ एकतर ३० टक्के हेल्थ भरून घ्या, नाहीतर एक पत्ता सुधारून घ्या. जगण्याइतकी हेल्थ असेल तर माझं मत पत्ता सुधारण्याला. सोप्या पातळ्यांवर बॉस हरला की हेल्थ तशीही पूर्ण भरते.

त्यातही समोर कोणता बॉस आहे ते बघा, त्याचं चित्र नकाशावर वर असतंच. हेक्साघोस्टचा पहिला मोठा हल्ला तुमच्या हेल्थच्या हिशोबाने ठरतो. ८० असेल तर ४२ चा फटका, ४० असेल तर २४ चा. त्याच्या आधी आराम करून भरलेली हेल्थ बरीचशी तोच काढून घेतो. स्लाइम बॉस अर्ध्या हेल्थवर आला की फुटून दोन होतो, आणि त्या वेळी जेवढी उरली असेल तेवढी हेल्थ दोघांनाही मिळते. म्हणून अर्ध्याच्या जरा वर आणून ठेवा आणि मग एकदम मोठा घाव घाला.

सोनं कुठे घालवायचं? व्यापाऱ्याकडे पत्ता काढून टाकायला ७५ लागतात, आणि पुढे दर वेळी २५ वाढतात. जुना माल पदरचे पैसे घालून काढायचा, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण शाप लागलेला पत्ता असेल तर आधी तो काढा, नसेल तर एक स्ट्राइक काढा.

आणि औषधाच्या बाटल्या! सुरुवातीला तीनच मावतात. एलिटसमोर उघडून मोकळे व्हा, कारण पुढच्या लढाईत नवी मिळाली तर ठेवायला जागा लागते.