शिंगरावरील पहिली स्वारी

दरवर्षीं दत्तजयंतीच्या सुमारास तापीकांठीं सारंगखेड्यास घोड्यांचा मोठा बाजार भरतो, आणि आमच्या शेतकरी बंधूंपैकीं कित्येक जण तेथून एखादें उमदें जनावर हौसेनें घेऊन येतात. शेतांतील ओढीचें काम ट्रॅक्टरकडे व रस्त्यावरील काम मोटारसायकलीकडे गेलें असलें तरी दारांत घोडी असावी ही आवड आपल्याकडून गेलेली नाहीं. ज्यांच्या घरीं घोडी व्याली आहे त्यांच्यापुढें तर दोन-तीन वर्षांनीं एक प्रश्न हटकून येतो : या शिंगरावर बसावयाचें कधीं आणि कसें? याचें उत्तर बहुतेक ठिकाणीं एखाद्या चाबुकस्वारावर सोंपविलें जातें. तो आठ-पंधरा दिवसांत जनावर ‘तयार’ करून देतो व आपली बिदागी घेऊन जातो. त्यानंतर पंधरा-वीस वर्षें तें मालकास सांभाळावयाचें असतें. तेव्हां चाबुकस्वार कितीही हुशार असला तरी या कामांत काय चालतें व तें कां चालतें हें मालकास ठाऊक असणें अवश्य आहे.

घाईची पद्धति ती अशी. जनावरावर एकदम खोगीर आवळावयाचें, तोंडांत कडक लगाम द्यावयाचा, नदीच्या वाळूंत किंवा ताज्या नांगरटींत नेऊन एखाद्या धीट पोरानें वर उडी मारावयाची, आणि उड्या मारून व दुगाण्या झाडून जनावर घामानें निथळून थांबेपर्यंत त्यास पिटाळावयाचें. मऊ जमिनीवर पडणाऱ्यास कमी लागतें एवढा एक गुण या पद्धतींत आहे खरा. परंतु त्याच जमिनींत पाय रुतून कोंवळ्या शिरांवर ताण पडतो, आणि शेवटीं जनावर थांबतें तें सुटकेची आशा संपल्यामुळें. शिकून शांत झालेलें व हताश होऊन उभें राहिलेलें, दोन्ही जनावरें बाहेरून सारखींच दिसतात. फरक कळतो तो पुढें एखाद्या थंडीच्या सकाळीं, अंगांत नवा जोर आला म्हणजे. मग स्वार पडतो, जनावरावर ‘खोडीचें’ असा शिक्का बसतो, तें निम्म्या किंमतीस जातें, आणि नवा मालक त्यास आणखी कडक लगाम चढवितो.

आमचें म्हणणें असें कीं, ज्या दिवशीं स्वार पहिल्यानें पाठीवर बसतो त्या दिवशीं शिंगरास वजनाखेरीज नवें असें कांहींच राहूं नये. लगाम, खोगीर, तंगाचा आवळ, लोंबणाऱ्या रिकिबी, थांबण्याचा शब्द, चालण्याचा शब्द, हें सर्व अगोदरच त्याच्या अंगवळणीं पडलेलें असावें. या तयारीस दोन-तीन महिने लागतात. तेवढा धीर नसेल तर शिंगरूं विकून शिकलेलें जनावर घ्यावें, त्यांत कमीपणा नाहीं.

प्रथम वय पाहूं. समोरील मधले दुधाचे दांत अडीच वर्षांच्या सुमारास पडून कायमचे येतात, त्यांच्या बाजूचे साडेतीनच्या सुमारास व कडेचे साडेचारच्या सुमारास. शिंगराची उंची दोन वर्षांत बहुतेक पुरी होते, आणि येथेंच मालक फसतो. हाडांच्या टोकांशीं वाढीच्या ज्या कुर्चेच्या चकत्या असतात त्या एकाच वेळीं पक्क्या होत नाहींत. पायाच्या तळाकडील हाडांच्या चकत्या पहिल्या वर्षांतच भरून येतात. पुढच्या गुडघ्याच्या वरील हाडाची दोन ते अडीच वर्षांनीं. आणि पाठीच्या मणक्यांच्या सर्वांत शेवटीं, पांच वर्षें उलटल्यावर. स्वार बसतो तो नेमका या मणक्यांवर. शर्यतीचीं घोडीं दोन वर्षांचीं असतांच पळतात असा आक्षेप कोणी घेईल. पळतात, पण त्यांवरील स्वार वजनानें हलका असतो, दौड कांहीं मिनिटांची असते, आणि लंगडून लवकर बाद होणाऱ्यांची संख्याही थोडी नसते. याचा अर्थ शिंगरूं खुंट्यास बांधून ठेवावें असाही नव्हे. मोकळ्या हिंडण्याफिरण्यानेंच हाड घट्ट होतें, व अगाडी-पिछाडी लावून वाढविलेलें शिंगरूं पायांनीं अधूच राहतें. जमिनीवरचें शिक्षण पहिल्या वर्षापासून चालूं द्यावें, अंगावरचें वजन साडेतीन वर्षांच्या आंत घालूं नये, आणि खरें श्रमाचें काम पांच वर्षांपुढें घ्यावें, असा बेत आम्हांस योग्य वाटतो.

भीमा-नीरेच्या कांठचीं भीमथडी घोडीं धनगरांच्या वाड्यांबरोबर रानोमाळ हिंडतात. त्यांचीं शिंगरें जन्मापासून आईच्या मागें चालत कुत्रीं, मेंढरें, भांड्यांचा खडखडाट, पोरांचा गलका, आईच्या पाठीवरील बिऱ्हाड हें सर्व पाहतात. पुढें त्यांच्या पाठीवर ओझें पडलें तरी तीं फारशीं बुजत नाहींत तीं यामुळेंच. घरच्या शिंगरासही ही शाळा फुकट मिळूं शकते. रोज खरारा करावा, चारही पाय उचलून खूर साफ करावे, पोटाखालून हात फिरवावा, पाठीवर रिकामें पोतें टाकावें व काढावें.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळें त्यास जवळजवळ चोहोंकडचें दिसतें. न दिसणाऱ्या जागा थोड्या, त्यांत शेपटीमागची व पाठीच्या वरची या मुख्य. रानांत वाघरूं झेप घालतें तें पाठीवरच. म्हणजे स्वार जेथें बसतो ती जागा घोड्याच्या जातीस हजारों वर्षें मरणाची जागा म्हणून ठाऊक आहे. स्वाराचें डोकें एकाएकीं आपल्या पाठीवर उगवलेलें पाहून शिंगरूं उधळलें तर त्यास खोडकर म्हणण्यांत अर्थ नाहीं. यासाठीं तबेल्यांतच एखाद्या ओट्यावर किंवा भक्कम पेटीवर उभें राहून त्याशीं बोलावें, वरून त्याच्या दोन्ही कुशींस हात लावावा. पंधरा दिवस असें केलें म्हणजे वरून येणारें माणूस हा त्यास रोजचा प्रकार वाटूं लागतो.

शिकविण्याचें वर्म दाब देण्यांत नसून तो वेळेवर सोडण्यांत आहे. बागडोर हलकेच ओढली, शिंगरानें एक पाऊल पुढें टाकलें, कीं त्याच क्षणीं दोर सैल झाला पाहिजे. दोर सैल होणें हेंच त्याचें बक्षीस, आणि आपण बरोबर केलें हें त्यास त्यावरूनच कळतें. दोन-तीन क्षण उशीर झाला तर कशाबद्दल सुटका झाली याचा त्यास उलगडा होत नाहीं. ओढ सतत ठेवली तर तें ओढीस बधिर होतें. ज्यांस आपण ‘तोंडाचीं कठीण’ घोडीं म्हणतों तीं बहुधा अशीं तयार झालेलीं असतात. ग्रीक सेनानी झेनोफन यानें इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला, त्यांतही रागाच्या भरांत घोड्याजवळ जाऊं नये असें बजावलेलें आहे.

मोहरकीवर शिंगरूं नीट चालूं व थांबूं लागलें म्हणजे त्यास काव्यावर धरावें. दोर तीस फुटांच्या आंत नसावा, कारण लहान वर्तुळांत फिरण्यानें सांध्यांस पीळ बसतो. दहा मिनिटें पुरेत, निम्मीं उजवीकडून व निम्मीं डावीकडून. कावा दमविण्यासाठीं नसून शब्द शिकविण्यासाठीं आहे हें विसरलें कीं तोच कावा घातक होतो. त्याहून आम्हांस दोन लांब दोरांनीं मागून हांकण्याची रीत अधिक पसंत आहे. कासरा धरून बैल हांकलेल्या शेतकऱ्यास ती शिकवावी लागत नाहीं. एवढेंच कीं एका बाजूस थोडें सरून, लाथेच्या टप्प्याबाहेर चालावें. वळणें, थांबणें, मोटार शेजारून जाऊं देणें, ओढ्याचें पाणी ओलांडणें, हें सारें शिंगरूं पाठीवर कोणी नसतांनाच शिकून घेतें.

लगाम देण्यापूर्वीं तोंड पशुवैद्यास दाखवावें. पुढील दांत व दाढा यांमध्यें जी रिकामी हिरडी असते तीवर लगामाचें लोखंड बसतें. परंतु वरच्या जबड्यांत पहिल्या दाढेपुढें कधीं कधीं एक बारीक निरुपयोगी दांत असतो, त्यास लोखंड लागलें कीं जनावर डोकें झाडतें. अडीच वर्षांच्या सुमारास दांत व दाढा पालटतांना हिरड्या हुळहुळ्या असतात, तेव्हांही लगाम देऊं नये. पहिलें लोखंड गुळगुळीत व जाड असावें. कांटेरी लगाम या कामांत कोणत्याच टप्प्यावर लागत नाहीं.

खोगीर पहिल्यानें नुसतें दाखवावें, हुंगूं द्यावें, मग ठेवावें. तंग एका दमांत आवळूं नये. प्रथम खोगीर घसरणार नाहीं इतकाच, चार पावलें चालवून एक भोंक, पुन्हां चालवून आणखी एक. तंग एकदम आवळल्यानें श्वास कोंडून उड्या मारणारीं घोडीं पुढें जन्मभर खोगीर पाहतांच पोट फुगवितात.

वजनाचा हिशेब आपल्याकडे कोणी करीत नाहीं, तो करावा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरांत मोजावा. खांद्याच्या पुढच्या टोंकापासून ढुंगणाच्या मागच्या टोंकापर्यंत लांबी मोजावी. घेरास घेरानें गुणून लांबीनें गुणावें व ११,८८० नीं भागावें. येईल तें अदमासें किलो वजन. घेर १५५ व लांबी १५० असेल तर जनावर सुमारें ३०३ किलोंचें. पूर्ण वाढलेल्या घोड्यावरही खोगिरासह त्याच्या वजनाच्या पंचमांशाहून अधिक भार नसावा अशी सामान्य मर्यादा आहे, म्हणजे येथें साठ किलो. शिंगरावर त्याहून कमीच. तेव्हां घरचे ऐंशी किलोंचे पाटील कितीही कसलेले स्वार असोत, पहिली स्वारी त्यांची नव्हे.

आतां तो दिवस. सकाळची थंड वेळ, वारा नसलेली, जागा ओळखीची व कुंपणाची. आदल्या दोन-तीन दिवसांपासून चंदी कमी करावी. शिंगराच्या डोक्याशीं त्याच्या विश्वासाचा माणूस उभा असावा. त्यानें दोर गुंडाळून हातांत अडकवूं नये. स्वारानें हेल्मेट घालावें. त्यानें ओट्यावरून प्रथम नुसतें खोगिरावर आडवें पोटावर टेकावें व उतरावें. असें पुष्कळदां, दोन्ही बाजूंनीं. हवें तर तीन-चार दिवस एवढेंच. कान ताठ मागें वळले, शेपूट आवळली, श्वास रोखला, डोळ्याचें पांढरें दिसलें, तर पुढें जाऊं नये. मान खालीं सोडून शिंगरूं तोंड चघळूं लागलें, सुस्कारा टाकला, म्हणजे पाय पलीकडे टाकावा. पाय टाकतांना ढुंगणास टांच घासूं देऊं नये व खोगिरावर धपकन् बसूं नये. रिकिबींत पायाचा चवडाच असावा. धरणाऱ्यानें दोन पावलें चालवावें, थांबवावें, चुचकारावें, स्वारानें उतरावें. दहा मिनिटांत काम संपतें, आणि पाहणाऱ्यांस मौज वाटावी असें कांहींही घडत नाहीं. पाहणारे मुळीं बोलावूंच नयेत.

पुढील महिनाभर पंधरा-वीस मिनिटांची नुसती चाल, एक दिवसाआड. घोडें कळपाचें जनावर असल्यामुळें बाहेर पडतांना पुढें एखादी जुनी शांत घोडी असावी. चाल व थांबा पक्के झाल्यावर दुडकी, तीही सरळ वाटेवर. भरधाव पळविण्याची या वर्षीं गरज नाहीं. शिंगरूं उधळलेंच तर दोन्ही हातांनीं लगाम खेंचून धरूं नये, एका बाजूस हळूहळू वळवून मोठें वर्तुळ घ्यावें. उतरल्यावर खोगिराखालचा घाम पाहावा : सर्वत्र सारखा ओला असेल तर ठीक, मध्येंच कोरडे ठिपके असतील तर तेथें खोगीर टोंचतें आहे असें समजून गादी बदलावी, नाहींतर पंधरवड्यांत तेथें पाठ लागते आणि बरी होईपर्यंत सारें काम बंद ठेवावें लागतें.