नागरिक होताना

हिंदी महासागरात मॉरिशस नावाचे एक चिमुकले बेट आहे. या बेटाला मूळचे रहिवासी नव्हतेच. सारे समुद्रापलीकडून आले. मळ्यांवर राबण्यासाठी आफ्रिका व मादागास्कर येथून गुलाम आणले गेले. १८३५ साली गुलामगिरी संपली. त्याआधीच, १८३४ पासून, करारावर हिंदी मजूर येऊ लागले होते. पुढे त्यांत मराठी मजुरांचीही भर पडली. चिनी व्यापारीही आले.

अशा देशात मुले वाढतात कशी? घरी ती आपापले सण पाळतात. शाळेत मराठी, हिंदी, तमिळ, उर्दू अशी पूर्वजांची भाषा त्यांना शिकता येते. रस्त्यावर मात्र बहुतेक सारे क्रिओल बोलतात.

अठराव्या वर्षी मताचा अधिकार मिळतो. संसदेच्या निवडणुकीत मुख्य बेटावरील प्रत्येक मतदाराला तीन उमेदवारांना मते द्यावी लागतात. ती केवळ आपल्या जमातीच्या माणसांना द्यावयाची, की सर्वांचे हित पाहणाऱ्यांना? मतदानाच्या वेळी तरुण एकटाच असतो. हा निर्णय वडीलधारी माणसे त्याच्यासाठी घेऊ शकत नाहीत.

या देशात १ फेब्रुवारीला गुलामांच्या मुक्तीचा आणि २ नोव्हेंबरला मजुरांच्या आगमनाचा स्मरणदिन पाळतात. दोन्ही दिवशी सर्व देशाला सुट्टी असते. आपल्या पूर्वजांचे कष्ट लहान मुलालाही आठवतात. परंतु शेजाऱ्याच्या पूर्वजांपुढेही ज्याचे मस्तक आपण होऊन नमते, तोच खरा जाणता नागरिक होय.