लेखनिकाचे व्रत

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस घरोघरी श्रींची स्थापना होते. विघ्नहर्ता, विद्येचा दाता, गणांचा अधिपती अशा अनेक नात्यांनी आपण त्यांना आळवतो. त्यांचे एक रूप मात्र आरतीच्या गजरात काहीसे मागे राहते. ते रूप आहे लेखनिकाचे.

भगवान व्यासांनी महाभारताची रचना मनात सिद्ध केली, परंतु एवढा विशाल ग्रंथ उतरवून घेणार कोण, हा प्रश्न उभा राहिला. ब्रह्मदेवांच्या सूचनेवरून त्यांनी श्रीगणेशांचे स्मरण केले. गणेशांनी अट घातली, की आपली लेखणी क्षणभरही थांबता कामा नये. व्यासांनी ती मान्य केली आणि आपली अट पुढे ठेवली, की अर्थ समजल्यावाचून एक अक्षरही लिहावयाचे नाही. मग व्यास मधूनच एखादा गूढ श्लोक सांगत. त्याचा अर्थ लावण्यास सर्वज्ञ गणेशही क्षणभर थांबत आणि तेवढ्या अवधीत व्यास पुढील श्लोकांची जुळणी करीत. अशा कूटश्लोकांची संख्या ८,८०० सांगितली जाते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत हा प्रसंग मूळ संहितेत नसून परिशिष्टात दिलेला आहे, हे खरे. तथापि लोकमानसाने तो जिवापाड जपला, आणि त्यातील दुसरी अट आजही कोणा ना कोणाला रोज पाळावी लागते.

अशांपैकी एका वर्गाविषयी आज आम्ही लिहीत आहोत. मोठ्या कंपन्यांतील मार्केटिंग विभागाच्या प्रमुखांच्या दालनाबाहेर ज्यांची खुर्ची असते, ते हे कार्यकारी सहायक. कचेरीत त्यांना ‘ई. ए.’ म्हणतात, पूर्वी ‘सेक्रेटरी’ म्हणत. वाचकांपैकी अनेकांच्या घरातील कन्या, सून, पुत्र वा जावई हे काम करीत असतील. ते नेमके काय करतात, असे कोणी विचारले तर घरच्यांना बहुधा एवढेच सांगता येते, की ‘साहेबांचे फोन घेतात आणि मीटिंगा लावतात.’ हे उत्तर फार अपुरे आहे.

वाकनिशी आणि चिटणिशी

हा व्यवसाय परदेशातून आला, असा समज आहे. नाव तिकडचे असेल, काम आपल्याला परके नाही. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा अष्टप्रधानांची जुनी फारसी पदनामे जाऊन त्या जागी संस्कृत पदनामे आली. वाकनीस ‘मंत्री’ झाले आणि सुरनीस ‘सचिव’ झाले. मंत्र्यांकडे महाराजांच्या दिनक्रमाची नोंद आणि आमंत्रणे-निमंत्रणे यांची व्यवस्था होती. सचिवांकडे पत्रांचा मजकूर तपासून दुरुस्त करण्याचे काम होते. कोणास कधी भेटावयाचे, काय ठरले याची नोंद ठेवावयाची, बाहेर जाणारा प्रत्येक शब्द पारखून घ्यावयाचा, ही दोन्ही कामे आज एका मेजावर एकत्र आली आहेत.

महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची आख्यायिका सर्वश्रुत आहे. दिवसभराच्या धामधुमीत सांगितलेले पत्र लिहावयाचे राहून गेले. महाराजांनी वाचून दाखविण्यास सांगितले, तेव्हा बाळाजींनी कोरा कागद हाती धरून संपूर्ण पत्र अस्खलित म्हणून दाखविले. आख्यायिकेचा रोख स्मरणशक्तीवर आहे, असे आपण समजतो. आम्हांस त्यात आणखी काही दिसते. धन्याचे मन ज्याने जाणले, त्यालाच कोऱ्या कागदावरील पत्र वाचता येते.

दुसऱ्याच्या वेळेचे विश्वस्त

मार्केटिंग प्रमुखाचा दिवस म्हणजे अनेक दिशांनी ओढला जाणारा दोर. विक्रीचे आकडे, जाहिरात संस्थेने आणलेल्या नव्या जाहिरातीचे सादरीकरण, वृत्तपत्रांतील व दूरचित्रवाणीवरील जागांचे आरक्षण, वितरकांच्या तक्रारी, कारखान्यातील शिल्लक माल, संचालक मंडळापुढील खर्चाचा हिशेब या सर्वांना त्याच आठ-दहा तासांतून वाटा हवा असतो. गणपती ते दिवाळी हा तर या विभागाचा सुगीचा काळ. ज्या जाहिराती आपण दसऱ्याच्या सकाळी पाहतो, त्यांची बोलणी काही महिने आधीच सुरू झालेली असतात.

या गर्दीत कोणास आत सोडावयाचे आणि कोणास थांबवावयाचे, हे बव्हंशी सहायक ठरवतो. समजा, चतुर्थीपूर्वी आठ दिवस एका तालुक्याच्या गावातील वितरकाचा फोन आला, की माल पोहोचला नाही. त्याच वेळी एका बड्या संस्थेला पुढील वर्षाच्या योजनेविषयी बोलावयाचे आहे. पद आणि प्रतिष्ठा पाहिली तर दुसरा फोन मोठा. परंतु सणाचा माल सण उलटल्यावर पोहोचला, तर तो दुकानात पडून राहतो आणि वितरकाचे भांडवल अडकते. पुढील वर्षाची योजना उद्या ऐकता येईल. चतुर्थी उद्यावर टाकता येत नाही. केवळ नोंद करणारा सहायक दोन्ही नावे वहीत एकाखाली एक लिहील. समजून लिहिणारा वितरकाचे नाव वर लिहील, आणि साहेबांपुढे जाण्यापूर्वी माल कोठे अडकला आहे याची गोदामाकडे चौकशीही करून ठेवील.

एकोणीस दिवसांची परीक्षा

समजून लिहिणे म्हणजे काय, याचा कस २०२५ च्या भाद्रपदात लागला. ३ सप्टेंबर रोजी, म्हणजे अनंत चतुर्दशीस तीन दिवस उरले असताना, वस्तू व सेवा कर परिषदेने करांचे दर बदलण्याचा निर्णय घेतला. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाऊन मुख्यतः ५ आणि १८ हे दोन टप्पे राहिले. साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल, बिस्किटे यांवरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. वातानुकूलन यंत्रे व लहान मोटारी २८ वरून १८ वर आल्या. नवे दर २२ सप्टेंबरपासून, घटस्थापनेच्या दिवसापासून, लागू व्हावयाचे होते. हाती उरले एकोणीस दिवस, आणि त्यांतील बहुतेक पितृपक्षाचे, जेव्हा अनेक घरांतून खरेदी लांबणीवर टाकली जाते.

प्रत्येक वेष्टनावरील कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह छापलेली असते. ती बदलावयाची म्हणजे कारखाना, लेखा विभाग, कायदा विभाग, जाहिरात संस्था आणि हजारो दुकानदार यांना एकाच सुरात आणावयाचे. ग्राहक व्यवहार विभागाने विकल्या न गेलेल्या मालावर सुधारित किमतीची चिकटपट्टी लावण्यास ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुभा दिली, मात्र जुनी किंमत झाकली जाऊ नये अशी अट होती. अशा दिवसांत विभागप्रमुखाच्या नावाने निघणारा प्रत्येक तक्ता सहायकाच्या हातून जातो.

येथे एक साधा हिशेब पाहावा. ११८ रुपयांच्या वस्तूवर १८ टक्के कर होता, तो ५ टक्के झाला. बैठकीत कोणी सहज म्हणून गेले, ‘किंमत तेरा टक्क्यांनी उतरवा.’ लेखणी न थांबविणारा लेखनिक तसेच टिपून घेईल आणि ११८ चे तेरा टक्के वजा करून १०२ रुपये ६६ पैसे हा आकडा वितरकांकडे धाडील. अर्थ जाणणारा थांबेल. करावाचून मूळ किंमत १०० रुपये; तिच्यावर ५ टक्के कर धरता नवी किंमत १०५ रुपये. उतार तेरा रुपयांचा खरा, पण तो छापील किमतीच्या सुमारे ११ टक्के. कर उतरला तेरा टक्क्यांनी, किंमत नव्हे. या दोन वाक्यांतील भेद ज्याच्या ध्यानी आला, त्याने दोन रुपये चौतीस पैशांची चूक लाखो पुड्यांवर छापली जाण्यापूर्वी अडविली. त्याचे नाव कोणत्याही जाहिरातीत येत नाही.

आज बैठकीतील बोलणे ऐकून आपोआप लिहून काढणारी संगणकीय साधने आली आहेत. गणेशांची अट, म्हणजे लेखणी न थांबण्याची, ती उत्तम पाळतात. व्यासांची अट मात्र अजून माणसाच्याच अंगावर आहे. यंत्राने लिहिलेले खरे आहे काय, जे बोलले गेले तेच अभिप्रेत होते काय, हे विचारण्यासाठी बैठकीनंतर दार ठोठावणारे कोणीतरी लागतेच.

मौन हेही साधन

‘सेक्रेटरी’ या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील गुपित या अर्थाच्या शब्दात आहे. ज्याच्यापाशी गुपित ठेवावे तो सेक्रेटरी. मार्केटिंग विभागात गुपितांचे मोल रोकड असते. किंमत उतरणार अशी कुणकुण लागली, तर विक्रेते माल उचलण्याचे थांबतात. चढणार असे कळले, तर साठा करून ठेवतात. नव्या वस्तूचे नाव वेळेआधी फुटले, तर स्पर्धक सावध होतो.

आता या मौनास कायद्याचाही आधार आहे. अंतर्गत माहितीच्या बळावर समभागांचे व्यवहार करण्यास मनाई करणारे ‘सेबी’चे विनियम २०१५ साली आले. बाजारात नोंदलेल्या कंपन्यांनी ज्यांच्या समभाग-व्यवहारांवर बंधने घालावयाची, त्यांत अप्रकाशित माहिती पाहू शकणाऱ्या सहायक कर्मचाऱ्यांचाही समावेश आहे. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत अशांना कंपनीच्या समभागांचा व्यवहार करता येत नाही. हे बंधन त्यांच्या पती वा पत्नीपर्यंत आणि आर्थिकदृष्ट्या अवलंबून असलेल्या जवळच्या नातलगांपर्यंतही पोहोचते. म्हणून गृहस्थ वाचकांस आमचे सांगणे आहे, की सुनेने वा पुत्राने कचेरीतील गोष्ट घरी सांगितली नाही, तर तो दुरावा समजू नये. जेवणाच्या पाटावर ‘यंदा तुमच्या कंपनीचे कसे काय?’ असा प्रश्न आला आणि उत्तरादाखल केवळ स्मित मिळाले, तर ते व्रत पाळले जात आहे असे समजावे.

मौन आणि असत्य मात्र एक नव्हेत. साहेब दालनात असता ‘बाहेर गेले आहेत’ असे सांगणे ही अनेक कचेऱ्यांतील रूढी आहे. तिची गरज नाही. ‘आता बोलता येणार नाही, सायंकाळी पाचनंतर फोन करावा’ हे उत्तरही दार बंदच ठेवते, पण खरेपणाने. पाच वाजता तो फोन खरोखर जोडून दिला, की समोरच्याचा विश्वास वाढतो. हा विश्वास सहायकाची खरी कमाई होय.

खोळंबलेली सही

या कामातील सर्वांत मोठी कसोटी मात्र सहीसाठी थांबलेल्या कागदांत असते. उत्सवातील जाहिरातींच्या मागे कितीतरी लहान माणसे उभी असतात. फलक छापणारा, मंडपातील कमान रंगविणारा, चिकटपट्ट्या पुरविणारा, नमुने वाटणाऱ्या मुलांची व्यवस्था करणारा, या सर्वांची बिले साहेबांच्या मेजावर येतात. २००६ च्या कायद्यान्वये सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे लांबविता येत नाही. लांबले तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. कायदा असा खणखणीत आहे. परंतु बिल गठ्ठ्याच्या तळाशी गेले, तर लहान छपाईवाला मोठ्या गिऱ्हाइकाकडे व्याज मागण्यास धजत नाही. तो पुढच्या कामाच्या आशेने गप्प बसतो, आणि त्याच्या कामगारांची दिवाळी मात्र थांबते.

गठ्ठ्यातील तो कागद वर आणून ठेवणे, त्यावर ‘आज चाळिसावा दिवस’ अशी चिठ्ठी लावणे, हे कोणत्याही नियमपुस्तकात सहायकाचे कर्तव्य म्हणून लिहिलेले नसेल. तरी ज्याला त्या कागदाचा अर्थ समजला, त्याला तो तळाशी ठेवता येत नाही. व्यासांची अट येथे नुसत्या लेखनापुरती राहत नाही. ती धर्माची अट होते.

विभागप्रमुखांसही आमची एक विनंती आहे. आपला प्रवास, आपल्या बैठका, आपल्या घरच्या पूजेची रजासुद्धा ज्याने सांभाळली, त्याच्या घरीही गौरी-गणपती असतात. हाच काळ आपल्या विभागाच्या धावपळीचा, हे मान्य. म्हणून त्याच्या रजेचा दिवस आधी ठरवावा, आणि त्या दिवशी त्याचा दूरध्वनी वाजू देऊ नये. ज्याने वर्षभर आपला वेळ राखला, त्याचा एक दिवस राखणे अवघड नाही.

ज्ञान व्यासांचे, परंतु ते जगापर्यंत पोहोचले ते समजून लिहिणाऱ्या हातामुळे, असे आपली परंपरा मानते. मखरात श्रींच्या चरणी दूर्वा वाहताना घरातील पाट्या-पुस्तकांसमवेत कचेरीतील वही आणि लेखणीही ठेवावी. लेखणी चालती राहो, आणि अर्थ कळल्याविना ती कधी न चालो, एवढेच मागणे श्रीगजाननाच्या चरणी मागावे.